दोष सापडला नाही, म्हणजे नाही?

पुण्यातल्या पेठेत किंवा गिरगावातल्या चाळीत हे नेहमीचं : आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, आठवड्यातून एकदोनदा, तेही पहाटे, पडतो. वायरमन दुपारी येतो, इन्सुलेशन तपासायचा मेगर लावतो, काटा अनंतावर. "काही नाही, सगळं ओके आहे," म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. दोन दिवसांनी पहाटे घर पुन्हा अंधारात.

त्याचं ‘काही नाही’ हे ज्ञान होतं की नुसता अंदाज? आपल्याकडचे दार्शनिक या प्रश्नावर शतकानुशतकं भांडले आहेत. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानलं. अद्वैत्यांनीही ते उचललं. नैयायिकांनी मात्र त्याला वेगळं आसन दिलं नाही. जमिनीवर घडा नाही, हे डोळ्यांनाच कळतं म्हणाले. वाद कितीही असो, एक अट दोघांनाही मान्य होती : योग्यता. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असं म्हणता येत नाही.

मेगरची दुपार ही अशीच काळोखी खोली असू शकते.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज घ्या. त्यात बर्फ वितळवणारा हीटर असतो. तो काही तासांनी थोडा वेळ चालू होतो, एरवी टायमर त्याला तोडून ठेवतो. हीटरमध्ये ओल शिरली की तो चालू होताच गळती होते आणि आरसीसीबी पडतो. दुपारी टायमर उघडा असताना मेगरचे ५०० व्होल्ट हीटरपर्यंत पोचतीलच असं नाही. मग काटा खोटं बोलला का? नाही, त्याला विचारलंच नव्हतं.

जुन्या वायरिंगमध्ये असे लपणारे दोष भरपूर. लाकडी पट्टीतल्या रबरी वायरचं इन्सुलेशन वाळून तडकतं. आषाढात भिंत ओली झाली की गळतं, कार्तिकात कोरडं ठणठणीत. ॲल्युमिनियमच्या जोडावर ऑक्साइडचा थर चढतो. गिझर चालला की जोड तापून फुगतो, थंड झाला की आकसतो आणि दर फेरीला थोडा सैल होतो. कधी कुणीच गुन्हेगार नसतो. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी १५च्या पुढे केव्हाही पडू शकतो, आणि कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी जरा जरा गळत असतं. बेरीज मर्यादेपाशी पोचते ती सगळी एकदम चालू असतानाच.

दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी हीच योग्यतेची अट ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरासाठी वापरली. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, हे चालणार नाही. कारण तो दिसण्याजोगा पदार्थच नाही. यावर प्रतिपक्ष म्हणतो : मग सशाचं शिंगही नाकारता येणार नाही की! त्यांचं उत्तर मजबूत आहे : शिंग दिसण्याजोगं असतं, म्हणून ते न दिसणं पुरेसं आहे.

इथे युक्तिवादाची हद्दही कळते. त्यातून ईश्वर असल्याचं सिद्ध होत नाही, फक्त ‘दिसत नाही’ हा आक्षेप बाद होतो. हे उदयनांनाही ठाऊक होतं. म्हणून ईश्वर आहे हे दाखवायला त्यांनी वेगळी अनुमानं मांडली. ही पायरी गाळणारे वायरमनांतही आहेत : "आत कुठेतरी असणारच, सगळं वायरिंग बदला." लोहचुंबकाकडे सुई का सरकते, तर अदृष्टामुळे, म्हणजे न दिसणाऱ्या कारणामुळे, असं वैशेषिकसूत्रांनी म्हटलं होतं. त्या काळी ते क्षम्य होतं. हातात मेगर असताना नाही.

कारण वायरिंगमधला दोष ईश्वरासारखा नाही. त्याला दिसण्याजोगं करता येतं. फ्रिज हाताने डीफ्रॉस्टवर टाका, गिझर तासभर चालवून मग जोड तपासा, ओल्या भिंतीचं सर्किट पावसाळ्यातच मोजा. सर्किट वेगळं करताना फेजबरोबर न्यूट्रलही सोडवा. सर्किटचा स्विच, म्हणजे एमसीबी, बहुधा फक्त फेज तोडतो, आणि न्यूट्रल-अर्थचा दोष तो बंद असतानाही आरसीसीबी पाडू शकतो.

वाचकांनी एवढं करावं : डीबीच्या, म्हणजे या स्विचांच्या पेटीच्या, दारावर एक कागद चिकटवावा आणि आरसीसीबी पडला की वेळ, पाऊस होता का आणि काय काय चालू होतं, ते लिहावं. वायरमन आला की मेगरच्या आधी तो कागद त्याच्या हातात द्यावा.