काठी कोणाच्या हातून घ्यावी?

धर्मगुरूचा अधिकार येतो कोठून? लोकांनी मानले म्हणून, की राज्यकर्त्याने नेमले म्हणून? इमाम अबू हनीफा यांनी खलिफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद नाकारले, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. आणि दरबारापासून दूर राहिला तोच खरा आलिम, असे ठरवून मोकळे होतो. युरोपातील जुन्या बिशपांचा इतिहास वाचताना मला हे उत्तर अपुरे वाटू लागले.

इ.स. ३७४ मध्ये मिलान शहरात बिशपच्या निवडीवरून दोन पंथांत तंटा पेटला. तो शमवायला प्रांताधिकारी आम्ब्रोज आला, तर जमावाने त्यालाच बिशप करण्याचा आग्रह धरला. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता! काही दिवसांत तो उरकून त्याला गादीवर बसवण्यात आले. त्या काळचा बिशप म्हणजे शहराचा आधार. तो जमिनीचे, वारशाचे तंटे सोडवी, गरिबांना पोसे. युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी आम्ब्रोजने चर्चची सोन्याची भांडी वितळवली. पुढे ३९० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या सैनिकांनी थेस्सलोनिका शहरात हजारो लोकांची कत्तल केली, तेव्हा जाहीर पश्चात्ताप केल्याशिवाय प्रसाद मिळणार नाही, असे आम्ब्रोजने सम्राटाला बजावले. सम्राट नमला. लोकांच्या बळावर उभा असलेला धर्मगुरू काय करू शकतो, याचा हा दाखला सगळेच देतात.

पण त्याआधीच्या दोन वर्षांचे काय? ३८८ मध्ये फुरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावात (हेच आजचे सीरियातील रक्का) तेथील बिशपच्या चिथावणीने ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे प्रार्थनाघर जाळले. ते बिशपच्या खर्चाने पुन्हा बांधून द्यावे, असा हुकूम थिओडोसियसने काढला. हुकूम न्याय्य होता. आम्ब्रोजने तो मागे घ्यायला लावला. म्हणजे कत्तलीबद्दल सम्राटाला झुकवणारा आणि जळितग्रस्तांना न्याय नाकारणारा माणूस एकच, आणि दोन्ही वेळा त्याचे बळही तेच.

पुढची काही शतके थोडक्यात सांगता येतील. बिशपकडे जमिनी आल्या. दहाव्या शतकात जर्मनीचा राजा ओटो पहिला याने बिशपांना सरदारांचे अधिकार दिले. बिशपला वारस नसतो, तेव्हा जहागीर फिरून राजाकडेच येणार, हा हिशेब. बिशपची अंगठी आणि मेंढपाळाची काठी राजाने द्यायची की चर्चने, यावर पोप आणि सम्राट यांचे भांडण जुंपले आणि ११२२ च्या वर्म्स येथील करारापर्यंत चालले. या भांडणात शहरातल्या सामान्य माणसाला कोणी विचारले नाही. पुढे १२१५ च्या लॅटरन परिषदेनंतर तर निवडीचा हक्क मुख्य चर्चमधील धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाकडेच राहिला. आणि प्रजेचा राग? फ्रान्समधील लां शहराचा बिशप गोद्री याने पैसे घेऊन नागरिकांना स्वशासनाची सनद दिली आणि नंतर ती रद्द करवली. १११२ मध्ये लोकांनी त्याला तळघरातल्या पिंपातून बाहेर ओढून ठार मारले.

मग जहागीरदार बिशप तेवढे वाईट, असे म्हणावे काय? तेही जमत नाही. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या टोळ्या ऱ्हाइन नदीकाठच्या शहरांत ज्यूंना मारत सुटल्या. वर्म्स आणि माइन्झ येथे बिशपच्या वाड्यांत आश्रय घेतलेले ज्यूही कापले गेले. श्पायरमध्ये मात्र अकरा बळी गेल्यावर बिशप योहान शिपाई घेऊन उतरला, उरलेल्या ज्यूंना त्याने आपल्या संरक्षणात घेतले आणि काही दंगलखोरांचे हात तोडवले. हा योहान सम्राट हेन्री चौथ्याच्या पक्षाचा, म्हणजे दरबारी माणूस; त्याच्या हाती शिपाई होते तेही त्यामुळेच. आम्ब्रोजसमोर त्याचीच कौम होती, योहानसमोरही त्याचीच. एकाने तिची बाजू राखली, दुसऱ्याने तिचा हात धरला.

योहानची ही मदत ज्यूंच्या हिब्रू बखरींनी आदराने नोंदवली आहे. पोपच्या पक्षाचा ख्रिस्ती बखरकार बर्नोल्ड मात्र लिहितो की बिशपने ज्यूंचा पैसा खाल्ला होता.