काही नाही

आक्का कोरेगावची. साताऱ्याच्या बाजूच्या शाळांत तिनं उभी हयात पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर थायरॉइडचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, मागोमाग मुंबईला जाऊन किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेतला. शिशाच्या डबीतून आलेलं एवढंसं औषध गिळायचं आणि एकटीनं खोलीत राहायचं. जेवणाचं ताट दाराशी, संडासात पाणी दोनदा सोडायचं. या आयोडीनचा जोर दर 8 दिवसांनी निम्मा होतो, हे तिनं घरी आल्यावर शेजारणींना फळ्यावर गणित मांडावं तसं समजावून सांगितलं.

पुढच्या प्रत्येक तपासणीला डॉक्टर विचारायचे, "बाकी काही त्रास?"

"काही नाही," आक्का म्हणायची.

त्रास होता. जेवायला बसलं की कानापुढचा गाल टम्म फुगायचा. अर्ध्या तासानं ओसरायचा आणि ओसरताना तोंडात खारट पाणी यायचं. भाकरीचा घास तोंडात नुसता घोळत राहायचा. कंदी पेढासुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागे. पण जिवावरच्या दुखण्यातनं उठलो, आता थुंकीचं काय रडगाणं गायचं, असं तिला वाटे. आपल्याकडं बायकांना हे निराळं शिकवावं लागत नाही.

दिवाळीनंतर ती तासगावला बापूकडं, धाकट्या भावाकडं, गेली. त्यानं सांगलीहून भडंग आणलं होतं. आक्कानं मूठभर तोंडात टाकलं आणि ते तसंच घेऊन बसली. चावेना, गिळवेना. जरा लाळ सुटावी म्हणून लिंबाच्या लोणच्याची फोड चोखली, तर डावा गाल बघता बघता वर आला.

"दाढ दुखतीय व्हय?"

"काही नाही रे."

"मग गाल का धरलाईस?"

दुसऱ्या दिवशी बापूनं तिला मिरजेला नेलं. वानलेस डॉक्टरांनी 1894 साली तिथं दवाखाना काढल्यापासून चार जिल्ह्यांतली माणसं दुखणं घेऊन मिरजेचीच वाट धरतात. बापूला तरी दुसरं गाव कुठून सुचणार?

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला आ करायला लावलं. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या अंगाला, लाळेच्या नळीचं तोंड असतं. डॉक्टरांनी बाहेरून कानापासून पुढं अंगठा दाबत आणला. त्या तोंडातून आधी काहीच आलं नाही; मग चिकट, पांढरट दोरा निघाला आणि त्यामागं एक गढूळ थेंब.

"थायरॉइड आयोडीन ओढून घेतं, तशा लाळेच्या ग्रंथीही घेतात," डॉक्टर म्हणाले. "कानापुढच्या ग्रंथीला झळ जास्त बसते. नळी सुजून अरुंद होते, घट्ट लाळेचं बूच बसतं. जेवताना लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, म्हणून गाल फुगतो."

"म्हणजे ड्रीपर चोक झालाय," बापू म्हणाला.

डॉक्टर हसले. त्यांनाही बाग असावी. बापूच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या क्षारांनी तुंबतात. तो ॲसिड सोडतो, मग लॅटरलच्या टोकांची बुचं काढून पाणी जोरात सोडतो. आधी तांबूस गाळ येतो, मग नितळ पाणी. कुणी त्यासाठी वेल उपटत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र ऐकेनाशी झालेली ग्रंथी पूर्वी कापून काढावी लागे, तीही चेहरा हलवणारी नस तिच्यातून जात असताना. लाळेच्या नळीत बारीक दुर्बीण घालून आत बघणं सुरू झालं ते 1990 च्या दशकात.

डॉक्टरांनी आधी घरचेच उपाय सांगितले: भरपूर पाणी, गरम शेक, दिवसातून चार-पाच वेळा कानापासून तोंडाकडं मालिश, दातांसाठी फ्लोराइडची पेस्ट. महिन्याभरात उजवा गाल निवला. डावा हटून बसला. ती दुर्बीण सगळीकडे मिळत नाही, म्हणून आक्का पुण्याला गेली. जेमतेम मिलिमीटरभर जाडीची दुर्बीण नळीच्या तोंडातून आत सरकवली, सलाइननं बुचं धुऊन काढली, अरुंद जागा रुंदावली आणि स्टिरॉइड सोडलं. बाहेरून चीर नाही की टाका नाही.

"वाट मोकळी झाली," तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "पण ग्रंथीचा जेवढा भाग जळालाय, तो परत येणार नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि एवढे दिवस बोलला का नाहीत?"

आक्काला उत्तर देता आलं नाही. पाढे येत नसलेल्या पोरासारखी ती खाली बघत राहिली. तळव्यावर छड्या देणारा तिचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता.

नंतरच्या तपासणीला मुंबईत नवीन, तरुण डॉक्टरीण होती. फाइल चाळता चाळता, वर न बघताच तिनं विचारलं, "बाकी काही त्रास?"

आक्कानं पिशवीतून दुरेघी वहीचा चार घड्या घातलेला कागद काढला, चष्मा चढवला.

"सात आहेत," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाचते."

डॉक्टरिणीनं फाइल बाजूला ठेवली.