भुताला हसावे, माणसाला ओळखावे

यावल तालुक्यातल्या अट्रावल गावी मुंजोबाचे ठिकाण आहे. माघात तिथे यात्रा भरते आणि रावेर, सावदा, फैजपूर भागातली माणसे नवस फेडायला जातात. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत पोर गेले, तर ते मुंजा होऊन पिंपळावर राहते, ही समजूत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. दुसरीकडे ज्याचे नाव घेऊन मुलांना तिन्हीसांजेला घरात ओढून घेतात, त्याच्यापुढे आमच्या भागात नारळ फुटतो. भय आणि माया एकाच पिंपळाखाली नांदतात. त्यांच्या सोबतीला हसूही येऊन बसले तर नवल कसले?

ते हसू 7 जून 2024 रोजी आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने थेट चित्रपटगृहात आणले. कथा कोकणातली. 1952 सालचा गोट्या नावाचा मुलगा. आपल्याहून मोठ्या मुन्नीशी लग्न करायचेच, हा त्याचा हट्ट. त्या हट्टापायी तो स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, त्यातच मरतो आणि मुंज्या होतो. पडद्यावरचे त्याचे चाळे पाहून लोक दचकले आणि पाठोपाठ खळखळून हसले. पण त्या बालिश हट्टाकडे जरा नीट पाहावे. ‘मला ती हवीच, तिला काय वाटते याच्याशी मला घेणे नाही’ हे वाक्य मुंज्याच्या तोंडी विनोदी वाटते. तेच वाक्य मनात धरून एखादा तरुण मुलीच्या कॉलेजच्या वाटेवर उभा राहतो तेव्हा घरातल्या आईबापांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. चांगला भय-विनोदी चित्रपट हेच करतो. आपल्याला भुतावर हसवतो आणि ते हसू ओसरायच्या आत आपली भीती भुतावरून उचलून माणसावर ठेवतो.

याच दिग्दर्शकाचा ‘झोंबिवली’ 2022 च्या जानेवारीत आला. डोंबिवलीच्या रस्त्यांवर झोंबी धावतात, ही कल्पनाच हसवणारी. पण माणसाला झोंबी करणाऱ्या रोगाचे मूळ शोधायला गेले की वाट पाण्यापाशी येते. बाटलीत भरून विकले जाणारे पाणी, वस्तीतली माणसे आणि टोलेजंग इमारतीची फाटके. झोंबी चावतो, कारण त्याला दुसरे काही कळत नाही. ज्यांना सगळे कळते आणि तरी जे नफ्यापुढे माणसाचा जीव मोजत नाहीत, त्यांचे भय चित्रपट संपल्यावरही उरते.

त्याआधी 1993 मध्ये महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने मराठी घराघरांत हा अनुभव पोहोचवला होता. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू हा बाहुला, दिलीप प्रभावळकर यांचा आवाज आणि समोर घाबरलेला लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. मोठी माणसे लक्ष्याच्या फजितीला हसत आणि मुले तात्या विंचूच्या धाकाने रात्री पांघरुणात तोंड लपवत. एकच दृश्य, एकाच खोलीत, कोणाला हसवते आणि कोणाला रडवते. म्हणजे हसू आणि भय यांच्यामधली रेघ पडद्यावर नसते; ती पाहणाऱ्याच्या मनात असते, वयाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे सरकत असते.

परदेशातही ही रेघ अशीच सरकली. जॉर्डन पील हे विनोदी कलावंत. त्यांच्या 2017 च्या ‘गेट आउट’मध्ये एक कृष्णवर्णीय तरुण गोऱ्या प्रेयसीच्या घरी पाहुणा जातो. तिथले गोड बोलणे आधी अवघडल्यासारखे हसवते आणि मग त्याच गोडव्याने अंगावर काटा येतो. हा चित्रपट गोल्डन ग्लोब पुरस्कारांसाठी विनोदी चित्रपटांच्या गटात धरला गेला, तेव्हा बरीच चर्चा झाली. वर्णभेद ज्याने सोसला आहे, त्याला त्यात विनोद किती दिसणार?

आपल्या परंपरेत हसू आणि भय या दोन भावांचा विचार फार जुना आहे. पुढच्या काळातल्या साहित्यशास्त्रकारांनी हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले. पण भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याची देवता सांगितली ती प्रमथ, म्हणजे शिवाचे गण. स्मशानात वावरणाऱ्या देवाच्या परिवाराकडे त्यांनी हसण्याचा रस सोपवला! आणि आपल्या एकनाथ महाराजांनी भुतावर भारूड रचले. ऐकणारा आधी बिचकतो, मग हसतो आणि शेवटी त्याला कळते की हे झपाटणे भक्तीचे आहे. सोंग, हसू आणि शहाणपण यांची ही सांगड मराठी माणसाला चित्रपटाने शिकवलेली नाही.

आता जरा रावेरच्या शिवारात येऊ. केळीला पाणी द्यायचे तर वीज असेल तेव्हा जावे लागते आणि पुष्कळदा ती रात्रीच असते. वाळलेली पाने वाऱ्याने सळसळतात, बांधावरून चालताना चकवा लागल्याच्या गोष्टी आठवतात. सकाळी चहाच्या टपरीवर त्याच गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, हशा पिकतो. हे हसणे मला फार मोलाचे वाटते, कारण त्याने पुढच्या रात्री पाऊल उचलायला बळ मिळते. पण त्याच अंधारात बिबट्या असू शकतो, ओल्या हाताने मोटार चालू करताना विजेचा झटका बसू शकतो. भुताला हसून झाल्यावर दिवसा वीज का मिळत नाही, हा प्रश्न उरतो आणि तो विचारलाच पाहिजे.

उत्तरेला सातपुड्याकडे पाहिले की हसू थांबते. तिथल्या काही भागांत आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवले जाते. घरातले कोणी आजारी पडले, गुरे मेली, की बोट तिच्याकडे. भूत काल्पनिक असते, पण तिला बसणारा मार खरा असतो. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यामागे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे आयुष्यभराचे काम होते आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. भुतांच्या विरोधात बोलणाऱ्याला भुतांनी मारले नाही. त्याला माणसांनी मारले.

म्हणून आपण कोणाला हसतो, हे तपासणे फार गरजेचे आहे. बुवाच्या ढोंगाला हसावे, लोभी माणसाच्या भपक्याला हसावे, आपल्याच मनातल्या बागुलबुवाला पोटभर हसावे. पण अंगात आले म्हणून घुमणाऱ्या, खचलेल्या बाईला, कुबड्या म्हातारीला, दुबळ्याला हसवणुकीचे साधन करणारा चित्रपट मला विनोदी वाटत नाही. तो जुन्या क्रौर्यालाच नवे कपडे घालतो. हसू दुबळ्याच्या बाजूने उभे राहिले की भय कमी होते आणि दुबळ्यावर उलटले की भय वाढते. या चित्रपटांची खरी कसोटी इथेच लागते.

आज दिवसभरात मनात एखादी भीती डोकावली तर तिची नीट चौकशी करावी. ती मांजर आडवे गेल्याची असेल, अमावास्येची असेल, पिंपळाखालच्या सावलीची असेल, तर मोकळेपणी हसावे आणि कामाला लागावे. पण ती एखाद्या माणसाच्या हट्टाची, लोभाची, मारहाणीची असेल, मग ती आपली असो वा शेजारच्या घरातली, तर चार माणसांना सोबत घेऊन तिच्याविषयी बोलावे. ती भीती मात्र हसण्यावारी नेऊ नये.