लाकडावरचा चेहरा कोणाचा?

तापलेल्या टोकाने लाकूड डागून चित्र काढण्याच्या हुनराला पायरोग्राफी म्हणतात. या पद्धतीने व्हर्मीरची मोतीवाली मुलगी किंवा लिओनार्दोची मोनालिसा फळीवर उतरवणारे कलावंत जगभर आहेत. पाहणारे वाहवा करतात आणि पाठोपाठ विचारतात, पण यात तुमचे काय? चित्र तर दुसऱ्याचे. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे 'नक्कल' हा शब्द आम्हाला दोन तऱ्हांनी ऐकू येतो. परीक्षेत नक्कल म्हणजे चोरी. खुशखतीत मात्र नकलेवाचून तालीमच नाही. उस्तादाचा अलिफ समोर ठेवून शागिर्दाने तोच पुन्हा पुन्हा काढायचा, याला मश्क म्हणतात. आमच्या आधीच्या पिढ्यांनी ती तख्तीवर केली. लाकडी फळीवर मुलतानी मातीचा लेप, त्यावर कलमाने अक्षरे. बिघडले की धुवायचे आणि पुन्हा लेप द्यायचा. तख्ती माफ करते. डागलेली फळी माफ करत नाही. चुकलेली रेघ पात्याने खरवडता येते, पण तिथे खळगा राहतो आणि तिरप्या उजेडात तो दिसतोच.

या कामात पांढरा रंग नाही. जे उजळ दिसायला हवे ते डागायचेच नाही, कोरे ठेवायचे. व्हर्मीरने मोत्यावरची चमक पांढऱ्या रंगाच्या एका ठिपक्याने दाखवली. फळीवर ती दाखवायची तर तेवढी जागा पहिल्या दिवसापासून आगीपासून सांभाळावी लागते. शिवाय लाकूड सगळीकडे सारखे जळत नाही. मऊ भाग लवकर काळवंडतो, कठीण रेषा उशिरा, म्हणून गालावर रेषा येणार नाही अशी फळी आधीच निवडावी लागते. हात रेंगाळला की डाग गडद होतो. मूळ चित्रकाराला यातले काहीच करावे लागले नव्हते. तेव्हा नक्कल करणारा चेहरा घेतो दुसऱ्याचा, पण तिथवर पोहोचण्याची वाट त्याला स्वतःच शोधावी लागते.

आणि मूळ तरी कोणते? हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०१८ साली या चित्राची तपासणी केली. आज काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरवा पडदा होती आणि मुलीला बारीक पापण्या होत्या, असे तिच्यातून कळले. म्हणजे फळीवर काळी पार्श्वभूमी डागणारा व्हर्मीरची नव्हे, साडेतीनशे वर्षांच्या काळाची नक्कल करत असतो!

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. १६०० साली अबुल हसन या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापचित्रातील संत जॉनची आकृती रेखाटली. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे आणि त्यावर अबुल हसनचे नाव व तेरावे वर्ष चालू असल्याची नोंद आहे. पुढे जहांगीरने त्याला 'नादिरुज्जमान' हा किताब दिला. १६१६ साली अजमेरला याच जहांगीरने इंग्रज वकील टॉमस रो याची मौज केली. रोकडच्या एका छोट्या चित्राच्या पाच नकला करवून घेतल्या आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात सहाही चित्रे त्याच्यापुढे मांडली. आपले चित्र ओळखताना रो गोंधळला. शेवटी ओळखले त्याने, पण अशा कसबाची आपल्याला अपेक्षा नव्हती, हेही लिहून ठेवले. आम्हाला दरबारातल्या त्या खेळापेक्षा तेरा वर्षांच्या पोराची नोंद मोठी वाटते.

प्रसिद्ध चित्रांपेक्षा माणसांचे चेहरे काढताना पेच अधिक वाढतो. आमच्या समाजात अनेक घरांत वडिलांचा फोटो भिंतीवर नसतो, ट्रंकेत असतो. सजीवांची चित्रे काढून पोट भरणाऱ्या एकाला हजरत इब्न अब्बास यांनी सांगितले होते की, काढायचेच असेल तर झाडे काढ, ज्यांत जीव नाही ते काढ. हे मानणाऱ्यांशी आम्हाला वाद घालायचा नाही. त्यांच्या हातून लाकडावर सुंदर आयती आणि वेली उतरतात. अबुल फजलने मात्र अकबराचे मत नोंदवले आहे की, अवयवामागून अवयव काढूनही आपण जीव घालू शकत नाही, हे चित्रकाराला कळते आणि त्यामुळेच त्याला जीव देणाऱ्याची आठवण होते. दोन्ही बाजूंना चेहरा ही हलकी गोष्ट नाही, एवढे तरी समान आहे. मेलेल्या बापाचा फोटो घेऊन कोणी येतो तेव्हा तो अमानत सोपवत असतो. कपाळावरची जखम गुळगुळीत करून द्यायची की आहे तशी, हे त्या मुलाला विचारावे लागते.

आता लेसर यंत्र आले आहे. त्यात फोटो घालायचा, फळी ठेवायची, चहा पिऊन यायचे. यंत्राला आमचा विरोध नाही. छापखान्यामुळेच किताबे घरोघर पोहोचली. पण तीच फळी 'हाताने केलेली' म्हणून विकली जाते, तेव्हा गिऱ्हाईक फसतो आणि कित्येक दिवस फळीवर वाकून बसलेल्याला आपला भाव उतरवावा लागतो. भिंग लावले तर यंत्राच्या समान अंतरावरच्या रेघा बहुधा दिसतात, पण बाजारात भिंग घेऊन कोण जातो?

फळीची मागची बाजू कोरी असते. मूळ चित्र कोणाचे, डागले कोणी, हाताने की यंत्राने, कोणत्या साली, एवढे तिथे सहज मावते.