खोडी कोणाची, वारसा कोणाचा?

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची एक कथा आहे. चोरांनी आपला ऐवज ऋषींच्या आश्रमात दडविला. ऋषींचे मौनव्रत असल्यामुळे ते राजसेवकांना काही बोलले नाहीत, आणि राजाने त्यांनाही चोर समजून सुळावर चढविले. पुढे ऋषींनी यमधर्माला जाब विचारला की, असे कोणते पाप माझ्या हातून घडले होते? यमधर्माने उत्तर दिले की, बालपणी आपण किड्यांना गवताची काडी टोचली होती, त्याचे हे फळ. ऋषी संतप्त झाले. अजाण वयातील कृत्याला एवढे घोर शासन करणारा न्याय तो न्यायच नव्हे, असे म्हणून त्यांनी यमधर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला. तोच पुढे विदुर झाला. शिवाय चौदा वर्षे वयापर्यंत केलेल्या कर्माचे पाप लागणार नाही, अशी मर्यादाही ऋषींनी घालून दिली.

गौतमाचे धर्मसूत्र याच विचाराचे आहे. उपनयनापूर्वी बालकाच्या वागण्यावर, बोलण्यावर आणि खाण्यावर नियमांचे बंधन नाही, असे ते सांगते. राजसत्तेचा कायदाही याहून निराळा नाही. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नव्हते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तीच मर्यादा कायम ठेवली आहे. पुराण, धर्मसूत्र आणि कायदा असे तीन वकील ज्याला जन्मतःच फुकट लाभले आहेत, असा एक आरोपी गेली सव्वादोन वर्षे आमच्या वडोदऱ्याच्या घरी राहत आहे.

या चिरंजीवांची गुन्ह्यांची यादी लांबलचक आहे. उष्टावणाच्या दिवशी त्यांच्यासमोर पुस्तक, लेखणी, सोन्याची अंगठी आणि मातीचे ढेकूळ मांडून ठेवले होते. मुलाने प्रथम जे उचलावे त्यावरून त्याच्या पुढील उपजीविकेचा अंदाज बांधावयाचा, अशी आमच्याकडील रीत. चिरंजीवांनी चारही वस्तूंकडे पाठ फिरवून गुरुजींच्या नाकावरील चष्मा ओढून घेतला. हे मूल पुढे नेत्रवैद्य होईल, असा निर्णय गुरुजींनी मोठ्या मनाने दिला. त्यानंतर आजतागायत त्यांनी समईतील वाती दोनदा चावून पाहिल्या आहेत. सहाणेवर गंधाऐवजी बिस्किट उगाळले आहे. पळी-पंचपात्रीतील पाण्याने आजोबांच्या वर्तमानपत्रास स्नान घातले आहे, आणि पूजेच्या घंटेचा नाद पहाटे पावणेपाच वाजता शेजाऱ्यांना ऐकविला आहे.

अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक ठरलेले वाक्य निघते: “पूर्वजांनी एवढे जपून ठेवले, आणि हा सगळे मोडून टाकणार!” या वाक्याचाच विचार आज वाचकांसमोर मांडावयाचा आहे. पूर्वजांनी जपून ठेवले ते नेमके काय? आणि मूल मोडते ते नेमके काय?

आमच्या घराण्याचा मूळ गाव देशावरचा. गायकवाडांच्या राज्यात चाकरीच्या निमित्ताने कोणी एक पूर्वज इकडे आले आणि येथलेच झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या ठेव्यात तांब्याची काही भांडी, एक देव्हारा आणि लाल फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे एक बाड एवढेच आहे. हे बाड कपाटात उंचावर असते. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडीचे शिक्षण शाळांतून सुटले, तेव्हा ते वाचणारे घरात कोणी उरले नाही. गेल्या दसऱ्याला बाड खाली उतरले असता चिरंजीवांनी एका कागदावर लाल मेणखडूने यथेच्छ लेखन केले. घरात हाहाकार उडाला. आमचे काका कागद उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, “लाल रंग नसता, तर यातले पणजोबांचे कोणते आणि याचे कोणते, हे मला काही सांगता आले नसते.”

काकांचा विनोद मार्मिक होता. मुलाच्या रेघोट्यांनी एक कागद बिघडला खरा. पण न वाचल्यामुळे सबंध बाड मुके झाले होते, त्याबद्दल कोणी हाहाकार केला नव्हता. माझ्या पत्नीने मात्र ही गोष्ट मनास लावून घेतली. मोडी शिकविणारे एक पुस्तक आणून रात्री मूल निजल्यावर ती अक्षरे गिरवू लागली. दोन महिन्यांनी तिने बाडातील पहिला मजकूर लावला. तो तेल, गूळ आणि एक फुटलेली बरणी यांच्या खर्चाचा निघाला. बरणी कोणी फोडली, हे मात्र लिहिलेले नव्हते.

आता मुलाच्या बाजूचा विचार करू. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी आपल्याच तीन मुलांच्या बाललीलांची बारकाईने टिपणे ठेवली होती. वर्षाच्या आसपासचे मूल हातातील वस्तू पुन्हा पुन्हा खाली टाकते. कधी इथून, कधी तिथून. आणि ती कशी पडते, ते पाहते. आपण त्याला खोडी म्हणतो; त्या मुलाच्या दृष्टीने तो प्रयोग असतो. दीड वर्षाच्या सुमारास आणखी एक शक्ती येते. पाहिलेली कृती त्याच क्षणी न करता मूल ती मनात ठेवते आणि मागाहून करून दाखविते. पियाजे यांच्या कन्येने एका पाहुण्या मुलाचे आकांडतांडव एके दिवशी केवळ पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी हुबेहूब तसेच पाय आपटून दाखविले. उपदेशावाचून विद्या कशी पोहोचते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हे ध्यानात घेऊन आमच्या आरोपीची यादी पुन्हा वाचली, तर तिचा अर्थ बदलतो. वर्तमानपत्रावर पाणी सोडणारा हात आजोबांची संध्या पाहून शिकलेला आहे. बिस्किट उगाळणारा हात आजीच्या गंध उगाळण्याची नक्कल करीत आहे. पहाटेची घंटादेखील आरतीचीच आहे. चुकली ती फक्त वेळ. मोडतोड म्हणून आपण ज्याची नोंद करतो, त्यातील निम्मा भाग हा वारसा घेण्याचाच खटाटोप असतो. घेणाऱ्याचे हात लहान आहेत म्हणून थोडे सांडते, एवढेच.

भाषेचेही तेच. “आई, मला पाणी आप,” असे चिरंजीव म्हणाले, तेव्हा आजोबांना फार वाईट वाटले. ‘आप’ हे गुजराती, ‘दे’ हे मराठी, असा धडा लगेच सुरू झाला. धड्याच्या अखेरीस आजोबा आम्हांला म्हणाले, “आत्ताच लक्ष द्या, नाहीतर पोराची भाषा पार बगडून जाईल.” ‘बिघडून’च्या जागी ‘बगडून’ आलेले त्यांच्या ध्यानातही आले नाही. पिढ्यानुपिढ्या या नगरात राहून आमच्या मराठीने जे पाणी पिऊन घेतले आहे, तेच नातवाच्या ओंजळीत उतरले होते. जे दिले असे आपणांस वाटते ते नव्हे, तर जे खरोखर आपल्यात असते ते मूल घेते.

याचा प्रत्यय देणारी घटना गेल्या चातुर्मासात घडली. आमच्या देव्हाऱ्यात पितळेचा एक रांगता बाळकृष्ण आहे. लग्नात मुलीला माहेराहून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देण्याची जी आपली चाल आहे, तिला अनुसरून माझी पणजी तो आपल्याबरोबर घेऊन आली. एका सकाळी तो देव्हाऱ्यात नव्हता. घर धुंडाळले, पण सापडला नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. घरात बाहेरून येणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे धुण्याभांड्यास येणाऱ्या बहेन. अकरा वर्षे त्या येत आहेत. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना एका नातलगांनी, “कोण येते-जाते ते एकदा पाहिले पाहिजे,” असे अर्धवट वाक्य उच्चारले. त्याचा रोख सर्वांना कळला.

माझ्या आईने हातातील वाढणे खाली ठेवले. ती म्हणाली, “या घरात वस्तू सापडेपर्यंत कोणाचे नाव घ्यायचे नाही. माझ्या आजेसासूबाईंची पाटली हरवली होती, तेव्हा त्यांनी हेच सांगितले होते. मूर्ती मिळेल, नाहीतर दुसरी आणू. माणसावर टाकलेला शब्द परत उचलता येत नाही.” चिरंजीव त्या वेळी तिच्या मांडीवर बसून वरणभात खात होते. दुसऱ्या दिवशी बहेन आल्या तेव्हा त्यांना नित्याप्रमाणे चहा मिळाला, आणि कोणाच्या नजरेत वेगळे काही दिसले नाही.

तिसऱ्या दिवशी खिचडीसाठी तांदूळ काढताना खालच्या पिंपात हाताला काही कठीण लागले. बाळकृष्ण तांदळात आडवा निजला होता, आणि त्याच्या अंगावर हातरुमालाचे पांघरूण होते. “बाप्पा गाई,” असा खुलासा आरोपीने आपण होऊन केला. देव्हाऱ्यातील अन्नपूर्णा आम्ही वाटीभर तांदळात ठेवतो, आणि मंदिरातील शेजारती त्याने खांद्यावरून पाहिलेली. त्याने या दोहोंची सांगड घालून बाळकृष्णाची निजण्याची सोय केली होती. बहेन पदराने तोंड झाकून हसल्या. त्यांच्याविषयी कोणाच्या मनात काय येऊन गेले, हे त्यांना कधीच कळले नाही.

त्या तीन दिवसांत पणजीचा खरा ठेवा कोणता होता, हे मी अनेकदा ताडून पाहिले. पितळेची मूर्ती तिने आणली खरी. पण पाटली हरवली असता जीभ आवरण्याची रीत तिनेच घालून दिली होती. मूर्ती तांदळात होती तेव्हाही ती रीत घरात जागी होती. उलट, त्या रात्री बहेनवर आळ घेतला गेला असता, तर मूर्ती परत मिळूनही घरातील मोठी वस्तू हरवली असती, आणि मांडीवर बसलेल्या मुलाने संशय घेणे हाच आपल्या कुळाचा आचार म्हणून उचलला असता. यमधर्माच्या वहीत त्याची नोंद झाली नसती, पण त्याच्या स्वभावात झाली असती.

वारसा केवळ रक्ताने उतरतो, हा समजही या नगरीत राहणाऱ्याने तरी धरू नये. तिसरे सयाजीराव महाराज हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका शेतकरी घरातील गोपाळराव. बारा वर्षांचे असताना, १८७५ साली, महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. अक्षरओळखही त्यांना येथेच झाली. त्यांनीच पुढे १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गादी दत्तविधानाने मिळाली. तिला शोभणारा आचार रोज शिकून मिळवावा लागला. प्रत्येक बालक या अर्थाने आपल्या घरी दत्तकच येते.

यावर कोणी म्हणेल, मग मुलाला सर्वच मोडू द्यावे काय? मुळीच नाही. मांडव्यांनी शिक्षेला हरकत घेतली. काडी टोचणे योग्य होते, असे ते म्हणाले नाहीत. किड्याला वेदना झालीच असेल. त्या वेळी जवळच्या कोणी वडीलधाऱ्याने मुलाचा हात हळूच धरला असता, तर यमधर्माच्या दरबारापर्यंत प्रकरण गेलेच नसते. अपराध नाही म्हणून शासन नको. परंतु शासन नको म्हणजे लक्षही नको, असे होत नाही. ज्याने दुसऱ्याला इजा होते ते तत्काळ थांबवावे. जे दुर्मिळ आहे ते उंचावर ठेवावे, आणि उंचावर ठेवण्याचा आळस केल्याचे खापर मुलावर फोडू नये. बाकीचे त्याच्या हाती द्यावे.

हे हाती देण्याचे शास्त्र आपल्याला परके नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून हेच केले. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. एक गुजराती, एक मराठी. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. मारावाचून आणि भीतीवाचून, मुलाच्या हाताला बेतेल असे साहित्य देऊन शिकवावे, ही त्यांची दिशा. त्यांचे अनुकरण करून आम्ही चिरंजीवांना एक लहान ताम्हन, एक लहान पळी आणि फुलांची परडी दिली आहे. आता सांडायचे ते पाणी ताम्हनाच्या आसपास सांडते. वर्तमानपत्र पुष्कळदा कोरडे राहते.

आपण देवळात बाळकृष्णाच्या लोणीचोरीची गाणी टाळ्या वाजवून म्हणतो, आणि घरी येऊन सांडलेल्या दुधाबद्दल धपाटा घालतो. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधले, तेव्हा दावे प्रत्येक वेळी दोन बोटे अपुरे पडले, असे भागवत सांगते. प्रत्येक आईबापाचे दावे असेच दोन बोटे अपुरे पडते. मुलाला पुरते बांधता येत नाही, आणि येऊही नये. आपल्या हाती एवढेच की, ते सुटून ज्या घरात धावणार आहे, त्या घरात त्याने उचलावे असे वागणे शिल्लक असावे. भांडी पुन्हा घडविता येतात.