मतदान केलंत का?

प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता: 'या निवडणुकीत तुम्ही मतदान केलंत का?' गोष्ट 2024च्या मे महिन्यातली. ठाणे आणि कल्याण लोकसभा मतदारसंघांत 20 तारखेला, सोमवारी, मतदान झालं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात मी एका अभ्यासासाठी डोंबिवली पूर्वेत दारोदार फिरत होते. चौथ्या मजल्यावरच्या एका काकांनी मला आधी कोकम सरबत दिलं, पंखा वाढवला आणि मग ठामपणे सांगितलं, "अर्थात केलं! कर्तव्यच आहे ते." बोलता बोलता ते डाव्या हाताने चष्मा सारखा करत होते. तर्जनीचं नख स्वच्छ होतं.

मी 'होय'वर खूण केली. लोक सांगतील ते लिहायचं, वाद घालायचा नाही, असंच आम्हाला शिकवलेलं. निघताना काकूंनी विचारलं, "आणि तू गं? तू केलंस ना?"

"हो काकू," मी म्हणाले आणि पॅड धरलेला डावा हात ओढणीखाली घेतला.

मी मत दिलं नव्हतं. माझं नाव अजून कळव्यातल्या जुन्या पत्त्यावर होतं. स्लो लोकलने वीस-पंचवीस मिनिटं, वर रांग, वर ते ऊन. सकाळी 'दुपारी जाऊ' म्हटलं, दुपारी 'संध्याकाळी' म्हटलं आणि संध्याकाळी सहा वाजले. अडचण म्हणावी असं यात काही नव्हतं. राज्यशास्त्रात एम.ए. करणारी मुलगी लोकांना मतदानाबद्दल विचारत हिंडत होती आणि स्वतः घरी झोपली होती.

काकांचं आणि माझं खोटं या क्षेत्रात नवीन नाही. मतदारांना घरी जाऊन विचारण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुणे विद्यापीठातल्या प्रा. व. म. सिरसीकरांनी 1962च्या सार्वत्रिक निवडणुकीचा अभ्यास केला, तो 1965 साली 'पोलिटिकल बिहेवियर इन इंडिया' या पुस्तकात आला. बोटावरची न पुसणारी शाईही 1962च्याच निवडणुकीपासूनची. पुढे दिल्लीच्या सीएसडीएसमधल्या 'लोकनीती'ने अशा पाहण्या देशभर केल्या. आणि जगात जिथे जिथे लोकांची उत्तरं सरकारी नोंदींशी ताडून पाहिली गेली, तिथे एक गोष्ट वारंवार दिसली: प्रत्यक्षात मत देतात त्यापेक्षा जास्त लोक 'मत दिलं' म्हणतात.

अभ्यासकासाठी ही आकडेवारीतली चूक असते. मला मात्र ती नैतिक कोडं वाटायला लागली. बिनमहत्त्वाच्या गोष्टीबद्दल कुणी कशाला खोटं बोलेल? मी आज भेंडीची भाजी खाल्ली नाही हे मी लपवत नाही. मग मत न दिल्याची लाज नेमकी कशाची?

कारण हिशोब केला तर लाजेला काही आधार सापडत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1957 साली हा हिशोब मांडला. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य, आणि जाण्या-येण्याचा, रांगेचा त्रास मात्र खरा. मग शहाण्या माणसाने जावंच का? आमच्या कल्याण मतदारसंघाचं उदाहरण घ्या. मतदार वीस लाखांवर, मतदान निम्म्याच्या आसपास, विजयाचं अंतर दोन लाखांहून जास्त. मी कळव्याला गेले असते तर ते अंतर एकाने कमी किंवा जास्त झालं असतं, इतकंच.

1968 साली रायकर आणि ऑर्डशुक या दोघांनी या समीकरणात एक पद वाढवलं: कर्तव्य बजावल्याचं समाधान. टीकाकार म्हणाले, ही तर पळवाट झाली. लोक मत का देतात, तर त्यांना द्यावंसं वाटतं म्हणून! टीका बरोबर आहे. तरी त्या पदाने माझ्यापुरता प्रश्न नीट उभा केला. ते समाधान येतं कुठून?

दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर कधी गेला असाल, तर आठवून पाहा. तुम्ही गेला नसतात तर गर्दीत काय फरक पडला असता? काहीच नाही. तरी हा हिशोब करून कुणी घरी बसत नाही. जायचं असतं, कारण तो 'आपला' फडके रोड असतो. अर्थात तिथे मित्र भेटतात, फोटो निघतात. मतदानाच्या रांगेत घाम निघतो. म्हणून ही तुलना अर्ध्यावरच थांबते. पण एवढं तिच्यातून कळतं की निकाल बदलण्यासाठीच माणूस सगळं करतो, हे गृहीतक आपण फक्त मतदानालाच लावतो. बाकी आयुष्यात नाही.

मग लाजेचा उपयोग करावा का? 2006 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या अभ्यासकांनी तो करून पाहिला. काही घरांना पत्रं गेली: तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही ते हे पाहा, आणि या निवडणुकीनंतर पुन्हा अशी यादी पाठवू. त्या घरांतलं मतदान साधारण आठ टक्क्यांच्या फरकाने वाढलं. एका कागदासाठी हा परिणाम प्रचंड आहे.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी हेच सुचवलं होतं. सगळ्यांनी शाईचं बोट टाका, ज्यांचं येणार नाही त्यांची नावं नोटीस बोर्डावर. बऱ्याच जणांनी अंगठा वर केला. पण या यादीत कोण आलं असतं? मी आले असते, ते योग्यच. आमचे वॉचमनही आले असते. त्यांचं नाव गावाकडच्या यादीत आहे आणि सुट्टी मागितली तर जागा जाईल ही भीती. दुसऱ्या मजल्यावरची नर्स आली असती, तिची दुहेरी ड्युटी होती. यादीतून नाव गायब झालेले एक आजोबाही आले असते. लाज आंधळी असते. आळस आणि अडचण यांतला फरक तिला दिसत नाही, आणि ज्याच्याकडे कारण सांगायची ताकद कमी, त्यालाच ती जास्त लागते.

'मत दिलं नाही, तर बोलायचा हक्क नाही' हेही मला म्हणूनच पटत नाही. पाणी सगळ्यांना लागतं. वॉचमनला, नर्सला, पंधरा वर्षांच्या मुलालाही.

त्याच आठवड्यात खाडीकडच्या एका वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी मला बोट दाखवलं, मी विचारायच्या आधीच. म्हणाल्या, "ज्यांच्याकडे मी कामाला जाते, त्या वहिनी माझ्या मागं उभ्या होत्या लायनीत. मागं!" आपल्याकडे गरीब माणूस मतदानात मागे नसतो, अनेकदा पुढेच असतो, हे योगेंद्र यादवांनी नव्वदच्या दशकात दाखवलं होतं. ते मी परीक्षेत लिहिलंही होतं. मावशींच्या त्या दुसऱ्या 'मागं'मध्ये ते मला पहिल्यांदा कळलं. त्यांच्यासाठी मताची किंमत निकालावर अवलंबून नव्हती. त्या दिवशी त्यांची गणती झाली होती, वहिनींइतकीच. एक म्हणजे एक.

आणि मी? मला इतर दिवशीही मोजलं जातं. बँकेत, दुकानात, कॉलेजात. म्हणून मला ती रांग टाळता आली.

माझी लाज नेमकी कशाची होती, ते मला इथे सापडलं. माझ्या एका मताने कुणाचं नुकसान झालं नव्हतं. पण सगळ्यांना सारखं मोजणारी जी एक रांग आहे, तिच्यात उभं राहायची मला गरज वाटली नव्हती. ती रांग टिकावी असं मला वाटतं, म्हणून तर मी काकूंशी खोटं बोलले. ती टिकवायचं काम मात्र मावशींवर सोडलं होतं.

रांग कायमची असते असंही नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक 2015 साली झाली. सभागृहाची मुदत 2020च्या नोव्हेंबरमध्ये संपली आणि मग पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. पाणी आलं नाही, रस्ता खचला, तर जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. तेव्हा कळलं की मत न देणं आणि मत द्यायला न मिळणं यांतलं अंतर फार कमी आहे. पहिल्याची सवय झालेल्यांना दुसरं लवकर लक्षातही येत नाही. मलाही आलं नव्हतं.

मी फॉर्म 8 भरून नाव डोंबिवलीत आणलं. 15 जानेवारी 2026ला महापालिकेसाठी मत दिलं. निकाल माझ्यामुळे बदलला नाही, तशी अपेक्षाही नव्हती. या वेळी बोटावर शाईऐवजी मार्करची खूण होती, आणि ती पुसली जाते अशा तक्रारींचे व्हिडिओ दिवसभर फिरत होते. माझीही लवकरच फिकी झाली. दोन दिवसांनी जिन्यात सोसायटीतल्या एक काकू भेटल्या. माझ्या बोटाकडे बघून म्हणाल्या, "या वेळी नाही गेलीस वाटतं?"

"गेले होते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.