चुळबुळ्या मुलाच्या हातात काय द्यावे?




वंदना चालू असताना मागे एखादे मूल सतत हलत असते आणि चार माना त्याच्याकडे वळतात. वेम्बलीच्या आपल्या कार्यक्रमांत ते मूल बहुतेक वेळा माझा मुलगा असतो. वय पाच. पुस्तके घडाघडा वाचतो, पण वर्गात कार्पेटवर मांडी घालून बसणे त्याला जमत नाही. शाळेतून तसा निरोप आला, त्या संध्याकाळी मी त्याला बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसवले. म्हणालो, "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे. तुला दहा मिनिटे बसता येत नाही?"

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले.

ज्या फोटोने त्याला बळ द्यायचे, त्याची मी छडी केली होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालेला भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. तो काही शांत मुलगाही नव्हता. चरित्रकारांनी त्याच्या खोड्या लिहून ठेवल्या आहेत. अठरा तासांची बैठक पुढे आली. मी मात्र ती पाच वर्षांच्या पोराकडे मागत होतो.

अशा वेळी मला चूळपंथक आठवतो. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्खा थोरला भाऊ महापंथक, स्वतः विद्वान भिक्खू, त्याने त्याला विहार सोडून जायला सांगितले. भगवंतांनी त्याला गाथा पुन्हा घोकायला लावली नाही. त्याच्या हातात एक पांढरे स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले, त्यातून त्याला अनित्यता कळली आणि तो अर्हत झाला. चूळपंथक मंद समजला गेला, माझा मुलगा हुशार समजला जातो. पण दोघांच्याही बाबतीत प्रश्न एकच आहे. मूल बसत नसेल, तर आधी शिकवण्याची रीत बदलून पाहिली का?

आम्ही सॉफ्टवेअरवाले बिघाड झाला की आधी नोंदी तपासतो. घरी मात्र मी थेट निकाल दिला होता. मग शिक्षिकेशी बोलून दोन आठवडे नोंद ठेवली: तो केव्हा हलतो, आधी काय घडलेले असते. काम लवकर संपले की आणि लांबलचक ऐकायचे असले की, हे दिसले. आता तो वह्या वाटतो, उभा राहून लिहितो, काम संपले की त्याला थोडे अवघड कोडे मिळते. चुळबुळ संपलेली नाही. पोटदुखी थांबली आहे.

तुमच्या घरी असे मूल असेल, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये चौथ्या वाढदिवसानंतरच्या सप्टेंबरात मूल रिसेप्शनला जाते. ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल वर्गातल्या थोरल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असते. माझा मुलगा ऑगस्टचाच. झोप, कान आणि डोळे तपासून घ्या. शाळेत विशेष गरजांची जबाबदारी असलेली व्यक्ती, म्हणजे सेन्को, असते, तिला भेटा. २०१५ च्या सरकारी मार्गदर्शक संहितेप्रमाणे शाळेने गरज ओळखायची, योजना करायची, ती राबवायची आणि पुन्हा तपासायची असते. त्यासाठी डॉक्टरांचे निदान हातात असावेच लागते असे नाही. त्रास घरी आणि शाळेत दोन्हीकडे टिकून राहिला, तर जीपीकडे जा. निदान शिक्षक करत नाहीत, नातेवाईक तर नाहीतच. "लोक काय म्हणतील" म्हणून मदत टाळू नका. शिक्षणासाठी झगडलेल्या समाजाने मदत मागताना लाजू नये.

आणि एक विनंती आपल्या सर्वांना. पुढच्या वंदनेला अशा मुलाकडे मान वळवून पाहण्याऐवजी त्याच्या हातात फुलांचे तबक द्या. भगवंतांनी चूळपंथकाच्या हातात वस्त्र दिले होते, तसेच.

भवतु सब्ब मंगलं.